चाकाला कुलूप

मोटारीच्या दाराला कुलूप असते, डिकीला असते, इंधनाच्या टाकीच्या झाकणालाही असते. चाकालाही कुलूप असते, ही गोष्ट मात्र गाडी चालवणाऱ्या पुष्कळांच्या गावीही नसते. हे कुलूप म्हणजे एक नट असतो. चाक जागेवर धरून ठेवणाऱ्या चार-पाच नटांपैकी एकाचे डोके षट्कोनी नसून गोल आणि गुळगुळीत असते. त्याच्या माथ्यावर खोलगट नक्षी कोरलेली असते. कुठे फुलाच्या पाकळ्यांसारखी, तर कुठे नागमोडी वळणांची. ह्या नक्षीत नेमका बसेल असा अंगठ्याएवढा पोलादी तुकडा ही त्याची चावी. तिचे एक तोंड नटात बसते आणि दुसरे, षट्कोनी तोंड नेहमीच्या चाकपान्यात. चावी हाताशी असेल तर नट इतरांसारखाच सुटतो. ती नसेल तर पान्याला धरायला कोनच सापडत नाही आणि तो त्या गोल माथ्यावरून नुसता घसरत राहतो.

अलॉयची चाके महाग असतात, दिसायला देखणी असतात आणि चोरबाजारात सहज खपतात. रात्री रस्त्याकडेला उभी केलेली गाडी सकाळी विटांच्या चार थरांवर उभी दिसावी, असे प्रकार मोठ्या शहरांत घडतात. त्यावरचा हा उपाय. प्रत्येक चाकाला असा एक नट, आणि साऱ्या गाडीला मिळून चावी एक.

भाषेच्या अभ्यासकाला ह्या सगळ्या व्यवहारातले शब्दच आधी दिसतात, त्याला इलाज नाही. ‘कुलूप’ हा मूळचा अरबी ‘कुफ्ल’. आपल्या तोंडी येताना त्यातल्या ‘फ’ आणि ‘ल’ यांनी जागा बदलल्या. वर्णविपर्ययाचे हे उदाहरण आपण वर्गात नेहमी देतो. ‘चावी’ पोर्तुगिजांनी दिलेली. आज लिस्बनचा माणूस ह्या शब्दाच्या आरंभी ‘श’ उच्चारतो. परंतु सोळाव्या शतकात तेथेही ‘च’च होता. म्हणजे ज्यांनी शब्द दिला त्यांच्या उच्चारातून तो ‘च’ गेला आणि आपण मात्र जपून ठेवला. गॅरेजातल्या ‘मेस्त्री’चे मूळही पोर्तुगीज ‘मेस्त्र’, म्हणजे उस्ताद. चौल-रेवदंड्याच्या परिसरात हे शब्द उच्चारताना जरा वेगळे वाटते, कारण सन १५२१पासून १७४०पर्यंत पोर्तुगीज येथेच ठाण मांडून होते. रेवदंड्याच्या तटाची पडकी भिंत अजून नारळी-पोफळींच्या वाड्यांमधून डोकावते. आणि ‘स्टेपनी’? वेल्समधील लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तेथील डेव्हिस बंधूंनी १९०४च्या सुमारास मोटारीसाठी जादा चाक तयार केले आणि त्याला त्या रस्त्याचे नाव दिले. इंग्लंडात ते नाव केव्हाच मागे पडले. आपल्याकडे खेड्यातले पोरही ‘स्टेपनी आहे ना?’ असे विचारते.

इतके शब्द जवळ असूनही गेल्या मे महिन्यात चौलच्या आमच्या घरापुढे उभ्या असलेल्या गाडीचे एकही चाक मला सोडवता येईना.

गाडी दादाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. निवृत्तीनंतर तो मुंबई सोडून चौलच्या वाडीत येऊन राहिला होता. वहिनींना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी अलिबागला न्यावे लागते, त्याच कामासाठी त्याने ही गाडी घेतली. चौल ते अलिबाग हा पंधरा-सोळा किलोमीटरचा रस्ता. तीन वर्षे त्याने ही फेरी एकदाही चुकवली नाही. मुंबईत असताना शेजाऱ्याच्या गाडीची चारही चाके एका रात्रीत गेलेली त्याने पाहिली होती. तेव्हा आपल्या गाडीला अलॉय चाके बसवल्याबरोबर त्याने कुलपाचे नटही आणून लावले, आणि चावी घरात कुठेतरी सुरक्षित ठेवली. ‘सुरक्षित’ हा दादाचा आवडता शब्द होता. माघात तो अचानक गेला. आदल्या संध्याकाळी पोफळीला पाणी सोडून आला होता.

त्यानंतर गाडी पुतणी चालवू लागली. बावीस वर्षांची पोर, परवाना मिळून वर्ष झालेले. पुढच्या दोन्ही टायरांचा गोटा झाला आहे, हे तिनेच माझ्या लक्षात आणून दिले. टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत आली की तो बदलावा, असा संकेत आहे. येथे खाचा शोधाव्या लागत होत्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात कोकणात जो पाऊस सुरू होतो, त्यात असा टायर रस्ता धरत नाही, पाण्यावरून घसरतो. त्याहून मोठी चिंता दुसरी. वाटेत पंक्चर झाले तर डिकीत स्टेपनी असूनही चाक बदलता येणार नव्हते. डायलिसिस करून परतताना वहिनींना बसवत नाही, त्या मागच्या आसनावर आडव्या होतात. संध्याकाळची वेळ, कोसळता पाऊस, अशा अवस्थेतली आई आणि न सुटणारे चाक, एवढे चित्र डोळ्यांपुढे आल्यावर पुढे बोलण्यासारखे काही उरले नाही.

चावीचा शोध आम्ही दोन दिवस केला. गाडीतले कप्पे, स्टेपनीखालची खोबण, जॅकची पिशवी ह्या नेहमीच्या जागा पहिल्या तासातच पाहून झाल्या. मग फडताळ, माळा, सुपारीची खोली, देवघराखालचा खण. अशा नटांच्या पेटीत पुष्कळदा एक सांकेतिक क्रमांक असलेला कागद येतो आणि त्यावरून उत्पादकाकडून दुसरी चावी मागवता येते. तो कागद चावीसोबतच ठेवला असणार, असे दादाचा स्वभाव पाहता वाटले. मोटार कंपन्यांच्या कार्यशाळांत त्यांच्या त्यांच्या नटांच्या चाव्यांचे संच असतात. परंतु हे नट दादाने मुंबईच्या बाजारातून स्वतंत्रपणे आणलेले होते.

शोधात हाती लागला तो चाव्यांचा डबा. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात चाळीसेक चाव्या. वहिनी कॉटवर बसून एकेक चावी हातात घेऊन सांगत होत्या. ही तुमच्या आईच्या पेटाऱ्याची, ही जुन्या सायकलीची, ही शेजारच्या वाडीच्या फाटकाची, ते फाटकही आता नाही. एक पितळी चावी त्यांनी बराच वेळ धरून ठेवली. ती लालबागच्या आमच्या खोलीची. वडील गिरणीत होते तेव्हा आम्ही पाच जण त्या खोलीत राहत होतो. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली कुलपांचा कारखाना सुरू केला तो लालबागेतच. त्यामुळे आमच्या चाळीत घरात जिन्नस फारसे नसले तरी कुलूप गोदरेजचे, असा एक विनोद होता. चाळ पडून तेथे मनोरा उभा राहिला आहे. त्या डब्यात कुलपे नसलेल्या चाव्या चाळीस होत्या. अंगणात चावी नसलेली कुलपे चार.

दादाने चावी कुणाला दाखवली कशी नाही, ह्याचा मला राग आला, हे लपवण्यात अर्थ नाही. गेलेल्या माणसाचा राग येतो तेव्हा तो कुठे ठेवावा हे कळत नाही. त्याचे एक कारण माझ्या विषयातही असावे. चिन्ह आणि त्याचा अर्थ यांचे नाते यादृच्छिक असते, हे सोस्यूरचे प्रतिपादन आपण अभ्यासले आहे. नटावर नक्षी पाकळ्यांचीच का असावी, याला काही कारण नाही; ती कोणतीही चालली असती. परंतु यादृच्छिक संकेत टिकतो तो किमान दोघांना ठाऊक असतो म्हणून. एकट्याला ठाऊक असलेला संकेत त्या माणसाच्या श्वासावर लटकत असतो. आपण एखादी गोष्ट ‘सुरक्षित’ ठेवतो तेव्हा चोराचा विचार करतो, स्वतःच्या नसण्याचा करत नाही.

रेवदंड्याच्या पुलावरून कुंडलिकेची खाडी ओलांडली की थोड्याच अंतरावर कोर्लई लागते. तेथील ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगिजातून घडलेली एक मिश्र भाषा बोलली जाते. बोलणारे जेमतेम हजारभर. क्लॅन्सी क्लेमेंट्स ह्या भाषावैज्ञानिकाने तिच्यावर ग्रंथ लिहिला आहे. पोर्तुगीज गेले १७४० साली. त्यानंतर ह्या भाषेला ना राज्य होते, ना शाळा. भोवती सर्वत्र मराठी. तरीही ती अडीचशेहून अधिक वर्षे राहिली, कारण तेथील प्रत्येक आईने ती मुलाच्या हाती दिली. कुणी ती सुरक्षित ठेवून दिली असती तर एका पिढीत संपली असती. दादाला हे सांगायला हवे होते, असे त्या दोन दिवसांत अनेकदा मनात आले. त्याने हसून ‘प्राध्यापक सुरू झाले’ असे म्हटले असते.

तिसऱ्या दिवशी रेवदंड्याच्या मेस्त्रींना बोलावले. साठीचे गृहस्थ, दादाच्या चांगल्या ओळखीचे. त्यांनी चाकाभोवती एक फेरी मारली, उकिडवे बसून नटाच्या नक्षीवरून बोट फिरवले आणि पहिला प्रश्न विचारला तो अनपेक्षित होता.

“सर, गाडीचे कागद कुणाच्या नावावर आहेत?”

“अजून दादाच्याच. पेणच्या आरटीओत वारसाच्या नावाचा अर्ज दिलेला आहे.”

“तो बघू जरा.”

मालकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या नावावर वाहन करण्यासाठी नमुना ३१ भरावा लागतो. त्या अर्जाची पोच पुतणीने आणून दाखवली. मेस्त्रींनी ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली. “राग मानू नका,” ते म्हणाले, “चावी नसताना कुलूप काढायचे म्हणजे आधी विचारावे लागते. वहिनींनाही एकदा विचारतो.” ते ओटीवर गेले. दादाने बसवलेली वस्तू आहे, ती तुटेल, पुन्हा लावता येणार नाही, तोडू का, असे त्यांनी वहिनींना स्पष्टपणे विचारले. वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तोडा. भाऊजी आहेत समोर. ह्यांनी लावले ते चोरांसाठी, आमच्यासाठी नव्हे.”

पुढचे दोन तास मी एक उत्तम पाठ ऐकला. मेस्त्रींच्या पिशवीत पाने होते, गोट्या होत्या, छिन्नी होती, दोन हातोडे होते आणि तीन फुटांचा एक लोखंडी पाइप होता. गोटी म्हणजे नटावर टोपीसारखा बसणारा पाना. मराठी गॅरेजांत हाच शब्द रूढ आहे आणि तो मला इंग्रजी शब्दापेक्षा अधिक नेमका वाटतो. नटाच्या आतल्या वळ्यांना ते ‘आटे’ म्हणत. पिळाला, वेढ्याला आपण आटा म्हणतो, तोच हा शब्द. ‘आटे गेले’ म्हणजे नट कामातून गेला.

आदल्या संध्याकाळीच त्यांनी गंज सोडवणारे तेल नटांच्या कडेने सोडायला सांगितले होते. समुद्राकाठी हे काम अधिक कठीण असते. नट पोलादाचा, चाक ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे. ह्या दोन धातूंच्या सांध्यात खारी हवा आणि ओल शिरली की त्यांच्यात विद्युत्-रासायनिक क्रिया होते आणि ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी साचते. नट तिच्यात रुतून बसतो. ती भुकटी मेस्त्रींनी नखाने खरवडून दाखवली आणि म्हणाले, “हे समुद्राचे काम.”

मी गाडी जॅकवर चढवायला निघालो, तर त्यांनी थांबवले. चाक जमिनीवर टेकलेले असतानाच नट ढिला करायचा. हवेत असेल तर चाकच फिरते. बाकीचे तीन नट आधी सोडायचे नाहीत, हेही त्यांनी बजावले. ते सुटले की चाक दाबून धरण्याचा सगळा ताण त्या एका नटावर येतो आणि तो अधिकच अडतो. हवेवर चालणारी बंदूकही त्यांनी वापरली नाही. नट साधारणपणे १०० ते १२० न्यूटन-मीटर जोराने आवळतात. म्हणजे मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला दहा-बारा किलोंचा भार. पण अडलेला नट हा हिशेब पाळत नाही.

त्यांनी नटापेक्षा किंचित लहान, बारा कोनांची एक जुनी गोटी निवडली. नटाच्या गोल डोक्यावर ती बसत नव्हती. बसू नये अशीच निवडली होती. हातोड्याचे सात-आठ जोरकस घाव घालून त्यांनी ती नटावर ठोकून बसवली. गोटीच्या कोनांनी नटाच्या अंगात खाचा पाडल्या आणि ज्याला कोन नव्हते त्याला बारा कोन मिळाले. मग दांडा, दांड्यावर पाइप, आणि धक्का न देता, हळूहळू वाढत जाणारा जोर. क्षणभर काहीच घडले नाही. नंतर एक कर्कश आवाज झाला, इतका मोठा की वाडीतल्या मैना उडाल्या. मला वाटले, बोल्ट तुटला. मेस्त्री म्हणाले, “सुटला.” अडलेला नट सुटतो तेव्हा असाच ओरडतो, हे मला नवीन होते.

तीन चाके अशीच झाली. प्रत्येक नट गोटीत अडकून बसे. तो आतून ठोकून काढावा लागे. चौथ्या चाकापर्यंत गोटीची धार गेली होती. ती नटावरून फिरली आणि नटाचे डोके आणखी गुळगुळीत झाले. पुतणीने विचारले, ड्रिलने कोरून काढला तर? मेस्त्रींनी मान हलवली. ह्या नटांच्या पोलादाला चांगले पाणी दिलेले असते. ड्रिल त्यावर घसरते आणि चाकाला नाहीतर आतल्या आट्यांना इजा करते. वेल्डिंगने दुसरा नट वर जोडता येतो, पण चाक तापते, आणि हवा भरलेला टायर शेजारी असताना तो खेळ ते करत नसत. मग त्यांनी पिशवीच्या तळातून कापडात गुंडाळलेली एक गोटी काढली. तिच्या आत उलट आट्यांची तीक्ष्ण धार होती. हिचे तत्त्व मला फार आवडले. नट सोडवण्यासाठी ज्या दिशेने फिरवायचे, त्याच दिशेने ही धार नटात अधिकाधिक रुतत जाते. म्हणजे नट जितका अडेल तितकी पकड घट्ट. त्याचा विरोधच तिचे बळ. चौथा नट पाच मिनिटांत निघाला.

मी घड्याळ पाहिले होते. सगळे मिळून दोन तासांच्या आत. म्हणजे ज्या कुलपापुढे आम्ही दोन दिवस हतबल होतो, ते माहीतगार हातांपुढे एवढेच टिकले. मग त्याचा उपयोग काय, असे मी विचारले. मेस्त्री घाम पुसत म्हणाले, “चोराला आवाज परवडत नाही आणि वेळ नसतो. हे कुलूप तेवढ्यापुरतेच. आपल्याला दोन्ही होते.” कुलपाची ह्याहून चांगली व्याख्या मी कोशात वाचलेली नाही.

उतरवलेले चार नट ओटीच्या कठड्यावर ठेवले होते. त्यांच्या पाकळ्या चेपल्या होत्या, पण ओळखू येत होत्या. वहिनींनी ते चाव्यांच्या डब्यात टाकायला सांगितले.

नवे टायर आणि साधे षट्कोनी नट लावून झाल्यावर मेस्त्रींनी नट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळले आणि पन्नास-साठ किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा तपासून घ्यायला सांगितले. पुतणीने विचारले, “मला एकट्याने वाटेत सोडता येतील?” त्यांनी १९ नंबरचा चाकपाना तिच्या हातात दिला. पाना आडवा बसव, दांडा डाव्या अंगाला राहू दे, हाताने ओढू नको, पाय दे, असे सांगत ते बाजूला झाले. तिने चप्पल नीट केली, दांड्यावर पाय ठेवून अंगाचा भार दिला. पहिल्या वेळी पाना निसटला. दुसऱ्या वेळी नट फिरला.

“आता परत आवळ,” मेस्त्री म्हणाले, “आणि आईला दाखव पाना कुठे ठेवतेस ते.”